भरतच्या खिशातलं बटण

अवसरी खुर्द
११ नोव्हेंबर

प्रिय मोहिनी,
सप्रेम नमस्कार.

काल आळेफाट्याला तू भेटलीस. बोलली मात्र नाहीस, कारण तू फ्लेक्सवर होतीस. अंगावर शाल, हात जोडलेले, आणि शेजारी तुझ्या दुप्पट मोठं भरतचं डोकं. वर 'मातृभक्त भरतभाऊ' असं भगव्या अक्षरात, आणि खाली कोपऱ्यात एका गोल डबीचं चित्र. मला वाटलं डबीची जाहिरात असेल. चहावाल्याला विचारलं तर तो बिचारा माझे कान बघून हातवारे करत ओरडला, "आजीच्या पोटात मशीन बसवलंय! दुखायचं औषध आपोआप सोडतंय आतल्या आत. पोरानं लई केलं आईसाठी!" आख्खा स्टँड माझ्याकडे बघायला लागला.

तुझा आजार गर्भाशयाचा आहे आणि आता कमरेच्या हाडात उतरलाय, एवढं उन्हाळ्यात तुझ्याच तोंडून कळलं होतं. पण हे मशीनचं कधी झालं? मी तुझ्या मोबाईलवर तीन वेळा मेसेज केला. दर वेळी उत्तर आलं, 'धन्यवाद मावशी, आशीर्वाद असू द्या.' सोबत जोडलेले हात. आपण डी.एड.ला असल्यापासून तू मला कधी मावशी म्हटलेलं नाहीस, त्यामुळे मोबाईल कुणाकडे असतो ते समजलं. फोनवर बोलावं तर माझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं. म्हणून हे पत्र. पोस्टमनला सांगून ठेव, तुझ्याच हातात द्यायचं.

बाकी खरं सांगू? हेवा वाटला. आमचा मुलगा संघर्ष मंचरला बँकेत आहे, रोज संध्याकाळी घरी येतो, 'जेवलीस का' विचारतो आणि उत्तराच्या आत मोबाईलमध्ये तोंड घालतो. त्याने माझा फ्लेक्स लावायचा म्हटलं तर मला आधी मरावं लागेल. तुझा मुलगा जिवंतपणी लावतोय. भाग्यवान आहेस.

पोटात डबी घेऊन झोपता येतं का गं? सविस्तर लिही.

तुझी
रत्ना

*

आणे
२० नोव्हेंबर

प्रिय रत्ना,
सप्रेम जयभीम.

झोपता येतं. कुशीवर वळताना तेवढी ती आधी वळते आणि मग मी.

उन्हाळ्यात तू येऊन गेलीस त्यानंतरचे दिवस लिहू नयेत असे होते. कमरेपासून डाव्या टाचेपर्यंत कुणी तापलेली सळई ओढावी तशी कळ. गोळ्या वाढवत गेले तसं पोट दगड झालं. शेवटी वृषालीला हातमोजे घालून माझी घाण काढावी लागली. सून आहे ती माझी, नर्स नव्हे. तिने तोंडाला पदर बांधला होता आणि वरून 'काही नाही हो आई' म्हणत होती. खालून जाणारं स्रावाचं पाणी, त्याचा वास, आणि त्यावर उदबत्तीचा वास. मला अजून उदबत्तीची शिसारी येते. देवघरात लावली की मी दार लावून घेते.

मग पुण्याच्या डॉक्टरांनी हे सुचवलं. डबी चपटी आहे, पोटाच्या कातडीखाली उजवीकडे शिवलेली. तिच्यातून एक बारीक नळी आतल्या आत पाठीकडे जाते आणि थेट मणक्यात औषध सोडते, थेंबाथेंबाने. गोळ्यांपेक्षा कितीतरी कमी औषध लागतं आणि डोकं शाबूत राहतं. दोन-अडीच महिन्यांनी पुण्याला जाऊन सुईने डबी पुन्हा भरून आणायची. बसवल्यावर तिसऱ्या दिवशी मी मांडी घालून जेवले. रत्ना, मी त्या डबीला मनातल्या मनात नमस्कार केला. खोटं कशाला सांगू.

वीट आलाय तो समाचाराला येणाऱ्यांचा. बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवायचा, दोन उसासे टाकायचे आणि मग हळूच, "बघू बरं कसं दिसतंय?" मी काय म्हैस आहे बाजारातली? परवा भावकीतल्या लंकाबाईने पातळ बाजूला सारून बोट लावून पाहिलं. "आतून गार लागतं का वो बाई?" म्हणाली. आणि मग तेच बोट पदराला पुसलं. माझ्यासमोर. तिचे दोन्ही मुलगे माझ्याच हाताखाली बाराखडी शिकले.

भरत सगळ्यांना 'पोटाचं दुखणं' म्हणून सांगतो. गर्भाशय हा शब्द त्याच्या तोंडून निघत नाही. जिथून स्वतः निघाला त्याचं नाव घ्यायला लाजतो.

एक रिमोटही आहे. जास्त दुखलं तर तो डबीवर टेकवून बटण दाबायचं, वाढीव डोस मिळतो. दिवसाला डॉक्टरांनी ठरवलेत तेवढेच, त्यापुढे मशीन ऐकत नाही. तो रिमोट भरतकडे असतो. माझ्याकडून हरवेल म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारी बाई मी.

भरत पंचायत समितीला उभा राहतोय. म्हणून तो फ्लेक्स. बाकी सगळं छान.

तुझी
मोहिनी

*

अवसरी खुर्द
२ डिसेंबर

प्रिय मोहिनी,

लंकाबाईचं वाचून मी एकटीच हसत बसले. नंतर राग आला. पण तुझी सवयही मला माहीत आहे. तुला कौतुक सोसत नाही. आदर्श शिक्षिकेचा पुरस्कार मिळाला तेव्हा फेट्याने डोकं खाजतं म्हणून तू महिनाभर कुरकुरत होतीस.

माझ्या खालच्या खोलीत इंजिनियरिंगची पोरं भाड्याने राहतात. त्यातल्या एकाने मला तुझा व्हिडिओ दाखवला. बेल्ह्याची सभा असावी. तू खुर्चीत बसलीस. भरत माईक खाली ठेवतो, तुझ्यापुढे गुडघ्यावर बसतो, खिशातून रिमोट काढून तुझ्या पदरावर टेकवतो आणि बटण दाबतो. मग काहीतरी विचारतो, तू मान हलवतेस आणि सगळा मंडप टाळ्या वाजवतो. मला आवाज काही ऐकू आला नाही, तरी डोळ्यांत पाणी आलं. मी ते पोरांसमोर लपवलं नाही. म्हटलं, बघा रे, आईबापाचं असं करावं लागतं.

आणि तू मला लिहितेस, 'बाकी सगळं छान.' अगं, हेच तर छान आहे! पोराचं गुणगान लिहायला तुझी शाई संपते का?

एक मात्र पटलं नाही. टीव्हीचा रिमोट पुरुषांच्या मांडीवर असतो ते आपण आयुष्यभर चालवून घेतलं. हा तरी स्वतःकडे ठेव. हरवायची भीती असेल तर कापडी पिशवी शिवून देते, गळ्यात अडकव. शाळेत असताना शिट्टी अडकवायचीस तशी.

तुझी
रत्ना

*

आणे
१७ डिसेंबर

रत्ना,

तुझं पत्र वाचून मला मळमळलं. तुझ्यावर रागावले नाही. तू जे पाहिलंस ते सगळ्यांनी तसंच पाहिलं, म्हणून मळमळलं.

तू मला ओळखतेस म्हणून वाटलं होतं, न लिहिताच कळेल. नाही कळलं. तेव्हा आता लिहिते.

ते वाढीव डोस मला उठता-बसताना लागतात. आंघोळीला नेताना लागतात. त्या दिवशी बेल्ह्याला मला दुखत नव्हतं. मी घरून निघायच्या आधी डोस मागून घेतला होता. तरी त्याने मंडपात दाबलं, कारण भाषणात तसं ठरलं होतं. "बघा, आईला कळ आली की पोराचं बोट बटणावर जातं. उद्या तालुक्याला कळ आली तरी हेच बोट!" असं वाक्य आहे ते. पप्पूने लिहून दिलंय. पप्पू म्हणजे त्याचा फ्लेक्सवाला मित्र, चाळिशीचा घोडा, सगळा प्रचार तोच बघतो. आणि पहिल्यांदा पप्पूच्या मोबाईलवर नीट रेकॉर्ड झालं नाही म्हणून थोड्या वेळाने पुन्हा दाबलं.

परतताना गाडी खड्ड्यांतून चालली आणि कमरेत सळई शिरली. मी म्हटलं, भरत, दाब रे. त्याने दाबलं. मशीन नाही म्हणालं. दिवसाचे संपले होते. "आता मशीनचाच नियम हाय आई, मी काय करू? घरापर्यंत सोस." आणि लगेच पप्पूकडे वळून, "किती जणांनी बघितलं रं?"

तू विचारशील, रोजचा मूळ डोसच वाढवून का घेत नाही? दिवाळीनंतर वाढवला होता. पहिले काही दिवस गुंगी येते, मग शरीर सरावतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या गुंगीत मला एका सभेत नेलं आणि मी तोंड उघडं टाकून झोपले. लाळ गळली. विरोधकांच्या पोरांनी ते टिपलं आणि खाली लिहिलं, 'मयत पण प्रचाराला.' त्यानंतर भरतने डॉक्टरांना फोन करून मला पुण्याला नेलं आणि डोस पहिल्याइतका करून घेतला. "आईला झोप सहन होत नाही," असं सांगितलं त्यांना. आजार वाढतोय, दुखणं वाढतंय आणि औषध मागे गेलंय. कारण मतदानापर्यंत माझे डोळे उघडे पाहिजेत.

आता सगळ्यात घाण गोष्ट. व्हिडिओत तुला ऐकू आलं नाही, पण बटण दाबल्यावर तो विचारतो, "गेलं ना आई दुखणं?" आणि मी मान हलवते. दर वेळी. कळ असली तरी. मंडपभर लोक माझ्या तोंडाकडे टक लावून बसलेले असतात, आणि माझी मान आपोआप हलते. घरी आल्यावर मला ती मान उपटून टाकावीशी वाटते.

तीस तारखेला डबी भरायला पुण्याला जायचंय. तू ये. डॉक्टर मला विचारतात आणि उत्तर भरत देतो. ज्यांना ज्यांना ऐकू येतं ते सगळे त्याच्यापुढे गप्प होतात. तुला ऐकू येत नाही. मला तूच पाहिजेस.

मोहिनी

*

अवसरी खुर्द
२ जानेवारी

मोहिनी,

झालेलं तुला माहीतच आहे, तरी लिहिते. कारण त्या वेळी तू फरशीकडे बघत होतीस.

मी मंचरहून एस.टी.ने गेले आणि तुमच्या आधी इस्पितळात जाऊन बसले. मला पाहून भरत पाया पडला. त्याच्या शर्टाच्या खिशात तो रिमोट होता, पेनाशेजारी. आत गेल्यावर डॉक्टरांनी तुला काहीतरी विचारलं आणि भरतचे ओठ हलायला लागले. मी बोलायला सुरुवात केली. डॉक्टर, हिला दुखतं. डॉक्टर, हिचे वाढीव डोस हिला मिळत नाहीत, ते सभेत उडवले जातात. डॉक्टर, हिचा डोस हिला विचारून कमी केलेला नाही. भरत मध्येच बोलत असणार, त्याची मान लाल झाली होती, हात हलत होते. मला काय त्याचं? माझ्यापुरती त्या खोलीत शांतता होती. मी माझं सगळं म्हणून संपवलं.

डॉक्टर शहाणे. त्यांनी भरतला बाहेर बसायला सांगितलं. तो जायला तयार नव्हता, पण गेला. मग त्यांनी मला दिसेल असं समोर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तुला विचारलं. 'आजी, खरं सांगा. दुखणं किती आहे? डोस वाढवू का?'

दार बंद होतं. तुझा मुलगा बाहेर होता. मी तुझा हात धरला होता.

आणि तू म्हणालीस, 'बरं आहे. आहे तेवढाच ठेवा.' मला ऐकू आलं नाही, पण चाळीस वर्षं तुझे ओठ वाचलेत मी. डॉक्टरांनी पुन्हा काही विचारलं तेव्हा म्हणालीस, 'भीतीपोटी मीच जास्त दाबते.' तू! जिला ते बटण हातात धरायला मिळत नाही, ती म्हणाली मीच दाबते.

मी तिथे वेडी ठरले. कानाने गेलेली, डोक्यानेही गेलेली. बाहेर आल्यावर भरत माझ्याशी फार गोड बोलला. मला स्टँडवर सोडतो म्हणाला. मी पायी गेले.

भरतची मला चीड आली. पण तुझी, मोहिनी, मला किळस आली. हा शब्द मी विचार करून लिहिला आहे, खोडणार नाही.

रत्ना

*

आणे
८ जानेवारी

रत्ना,

खोडू नकोस. मला माझी जितकी येते तितकी अजून तुला आलेली नाही.

तुझ्या दोन प्रश्नांची उत्तरं देते, तू विचारले नाहीस तरी. डॉक्टरांपुढे मी खोटं का बोलले, आणि भरत असा कसा झाला.

डबी रिकामी झाली तर काय होतं, ते मला डॉक्टरांनी ती बसवायच्या आधीच समजावलं होतं. नुसतं दुखणं परत येत नाही. अंग सवयीने औषध मागतं. घाम, उलट्या, थरथर, जिवावर बेतू शकतं. म्हणजे दर दोन-अडीच महिन्यांनी मला पुण्याला पोचलंच पाहिजे. गाडी भरतची. डॉक्टरांचा नंबर भरतच्या मोबाईलमध्ये. वेळ घेतो भरत. बाहेर बाकावर बसलाय भरत. त्या बंद दाराआड मी त्याच्याविरुद्ध बोलले असते, तर दार उघडल्यावर मला घरी कुणी नेलं असतं? त्यानेच. आणि पुढच्या खेपेला? गाडी बिघडली, सभा होती, विसरलो. तो असं करेलच असं नाही. पण करू शकतो, एवढं पुरतं. तू मंचरच्या एस.टी.त बसलीस. मला त्याच्या गाडीत बसायचं होतं.

दुसरं. तो असा नव्हता. उन्हाळ्यात मला उचलून संडासात नेत होता, तोंड न वळवता. मशीन बसवल्यावर पहिल्यांदा कळ आली तेव्हा त्याने बटण दाबलं, आणि दुखणं ओसरलं तसा माझ्या पायावर डोकं ठेवून रडला. नेमका तेव्हा पप्पू दारात होता. त्याने फोटो काढला. तो फोटो हजारोंनी पाहिला. बस, तिथून सडायला सुरुवात झाली. फळ आधी चांगलं होतं म्हणून सडल्यावर जास्त वास मारतं.

परक्या माणसाला 'माझा मुलगा मला दुखवतो' असं सांगायला माझी जीभ उचलली नाही. त्या मुलाला मी बोलायला शिकवलं.

गावच्या यात्रेत हजारोंना आमटी-भाकरी वाढतात, तिथे आमटीच्या कढईपाशी मला नेऊन बसवलं होतं. हातात पळी दिली, फोटो काढला, पळी काढून घेतली. आमटीत माझा घाम पडला असेल. हजारो माणसं जेवली आणि सगळी म्हणाली, "बाई लई टवटवीत दिसत्यात."

लिहीत राहा. नाही लिहिलंस तरी समजेन.

मोहिनी

*

अवसरी खुर्द
१४ जानेवारी

मोहिनी,

गाडीचं मला सुचलं नव्हतं. माझं चुकलं. एस.टी.त बसणाऱ्याला गाडी दिसत नाही.

आता नीट वाच. आमच्या घराची खालची खोली रिकामी केली आहे. पोरांना वर हलवलं, कुरकुरली, मग जिलेबी आणून दिली. संडासात कमोड बसवून घेतला. आमचं घर हायवेजवळ, इथून पुणं तुला आणे गावापेक्षा निम्म्या अंतरावर पडेल. संघर्षला सगळं सांगितलं. त्याने मोबाईल बाजूला ठेवून ऐकलं, म्हणजे प्रसंग किती मोठा ते समज. त्याची गाडी आहे, सुट्टी घेतो म्हणाला. डॉक्टरांचा नंबर आतल्या चिठ्ठीवर आहे. वेळ तू स्वतः घ्यायचीस.

तू मला पत्रात जयभीम लिहितेस ते वेगळं, पण आमच्या घरी येऊन राहिलीस तर तुझ्या भावकीत काय बोलतील ते मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे. पोरी असताना तू आमच्याकडे चहा प्यायलीस म्हणून तुझ्या आजीने तुला अंगणात आंघोळ घातली होती. आता तोंडावर कुणी तसं बोलणार नाही. घरात दार लावून बोलतील. भरतची मतंही जातील कदाचित. ते मी धरूनच हे लिहिते आहे.

जायला गाडी आहे, राहायला खोली आहे. आता मान हलवायला दुसरं काय कारण उरलं ते मला कळव.

रत्ना

*

आणे
३० जानेवारी

प्रिय रत्ना,
सप्रेम जयभीम.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर केला. एक कारण उरलं होतं, ते शोधत बसले होते. सापडलं नाही.

काल गावातच शेवटची मोठी सभा होती. सकाळी मला आंघोळीआधी कळ आली. भरतने दाबलं. मग पप्पूला उन्हात फोटो हवा होता, म्हणून अंगणात पुन्हा दाबलं. दुपारी कुणी पुढारी आला, त्याला दाखवायला तिसऱ्यांदा दाबलं. संध्याकाळी मंडपात नेईपर्यंत दिवसाचे सगळे संपले होते. हे भरतला माहीत होतं. मलाही माहीत होतं. खुर्चीत बसवताना कंबर अशी काही वळली, की माझ्या तोंडातून आवाज निघाला. तो माईकने पकडला. लोक एकदम शांत झाले. भरतला वाटलं, याहून चांगली वेळ नाही.

गुडघ्यावर बसला. खिशातून काढला. पदरावर टेकवला आणि दाबलं. मशीनने आपला नकाराचा आवाज केला. तो आवाज मी ओळखते, तो ओळखतो, समोरच्यांना काय कळणार? बोटाचं ते वाक्य त्याने म्हटलं. टाळ्या झाल्या. मग माईक माझ्या तोंडापुढे धरून, ओठांवर ते फ्लेक्सवालं हसू आणून विचारलं, "गेलं ना आई दुखणं?"

मी म्हटलं, "नाही गेलं."

त्याला वाटलं मी चुकून बोलले. पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "नाही गेलं भरत. डोस संपलेत. सकाळपासून फोटोला वापरलेस. दे ते इकडे."

"आई गंमत करत्यात," तो म्हणाला, आणि लोक हसले. रत्ना, ते सगळे हसले. लंकाबाई पुढच्या रांगेत होती, तीही. मला सगळ्यांची अशी शिसारी आली की दुखणंसुद्धा क्षणभर मागे पडलं. मी हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. वर्गात पोरांनी चोरलेला खडू मागताना धरायचे तसा. कधी कधी तासभर धरावा लागायचा, आठवतं? या मंडपातल्या निम्म्या लोकांनी तो हात पाहिलेला आहे. आधी तेच गप्प झाले. मग बाकीचे. मागून कुणीतरी म्हातारा खडसावून म्हणाला, "आरं दे की तिचं तिला! काय पोरखेळ लावलाय?"

भरतने दिला. हात ओला होता त्याचा. मी रिमोट पोलक्यात ठेवला आणि वृषालीला म्हटलं, मला घरी ने. पप्पू तेवढ्यातही शूटिंग करत होता. वृषालीने जाता जाता त्याच्या मोबाईलवर हात मारला. मोबाईल खाली पडला आणि ती त्यावरून गेली. माझी सून! मला माहीतच नव्हती ही.

घरी आल्यावर भरत ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. उंबऱ्यावर उभा राहून म्हणाला, "मतदान तोंडावर आलंय. तू मला पाडलंस आई." मी म्हटलं, मला कशाने पाडलं होतं, ते विचार एकदा. तो फोन घ्यायला अंगणात गेला. मग वृषाली माझ्या उशाशी बसून रडली. "मला सगळं दिसत व्हतं आई. मी एकदा बी बोलले न्हाई." मी म्हटलं, मीही कुठे बोलले होते?

ती रात्र कशी गेली ते लिहीत नाही. मशीन ऐकत नव्हतं आणि मागायचं तर कुणाकडे?

सकाळी डोस पुन्हा सुरू झाले. वृषाली म्हणाली, मी दाबू का? मी नको म्हटलं. मला दाबताच येईना आधी, उलटा धरला होता. इतके महिने माझ्या पोटावर टेकवला जायचा, पण मी तो हातात घेऊन पाहिलाच नव्हता. इस्पितळात शिकवलं तेही भरतला, मी गुंगीत होते. मग सरळ धरला, डबीवर टेकवला आणि दाबलं. रत्ना, ते बटण फार मऊ आहे गं. मी घाबरून जोर लावला होता. त्याला जोर लागतच नाही.

दुपारपर्यंत झोपले. वृषाली सांगते, तोंड उघडं होतं आणि घोरत होते.

मघाशी डॉक्टरांना मी फोन केला. वृषालीच्या मोबाईलवरून. डोस वाढवायचा म्हटलं. त्यांनी सोमवारची वेळ दिली. भरत अंगणात उभा राहून ऐकत होता. त्याला वाटलं असेल, मी अजून विचारीन, नेशील का. मी विचारलं नाही. हे पत्र पोस्टात घालत नाही, वृषालीचा भाऊ आज मंचरला चाललाय, त्याच्या हातून देते. रविवारी सकाळी संघर्षला गाडी घेऊन पाठव. वृषाली माझ्या बॅगा भरते आहे, आणि त्यात तिची एक साडीही मी पाहिली.

भावकीचं म्हणशील तर, लंकाबाई सकाळीच येऊन विचारून गेली, "कुठं चालल्या बाई?" मी सांगितलं, रत्नाकडे, राहायला. तिचं तोंड बघण्यासारखं झालं. तिने बोट पदराला पुसलं नाही, कारण या वेळी मी तिला हात लावू दिला नव्हता.

आणि एक. सोमवारी डॉक्टरांसमोर मी एकटी बसणार. तूसुद्धा बाहेर थांबायचंस.

तुझी
मोहिनी